हेराक्लिअसचा ठसा : जुन्या बायझंटाइन फॉलिसांवरचे काउंटरमार्क

तांबटआळी

बायझंटाइन, म्हणजे पूर्व रोमन साम्राज्याची, नाणी म्हटली की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे सोन्याचा सॉलिडस येतो. माझा जीव मात्र तांब्या-काशाच्या फॉलिसमध्ये अडकलाय. त्यातही ज्या फॉलिसांवर पहिल्या छपाईनंतर शंभरेक वर्षांनी कुणीतरी पुन्हा हातोडा मारून छोटा ठसा, म्हणजे काउंटरमार्क, उमटवला, त्यांच्यात. लिलावाच्या याद्यांमध्ये ही नाणी 'झिजलेलं, ठोकलेलं' अशा दोन शब्दांत उरकली जातात आणि स्वस्तात जातात. मला ते पटत नाही, म्हणून हा धागा.

आधी थोडी पार्श्वभूमी. ४९८ साली सम्राट अनास्तासिअसने तांब्याच्या चलनाची घडी नव्याने बसवली. त्याआधी बाजारात नुम्मस नावाचं चिमुकलं नाणं चालायचं, धड एक ग्रॅमचंही नाही. भाजी घ्यायची तरी मूठभर मोजावी लागत. अनास्तासिअसच्या खजिनदाराने, पाफ्लागोनियाच्या जॉनने, ४० नुम्मींचा फॉलिस काढला आणि पाठीवर भलंमोठं 'एम' अक्षर टाकलं, कारण ग्रीक अंकलेखनात ते ४० चं चिन्ह. २० ला 'के', १० ला 'आय', ५ ला 'ई'. ज्याला वाचता येत नाही त्यालाही किंमत कळावी, इतकं सोपं. ५१२ साली फॉलिसचं वजन दुप्पट झालं, साधारण १७-१८ ग्रॅम. जस्टिनिअनने ५३८ पासून ते आणखी वाढवून २२ ग्रॅमच्या पुढे नेलं आणि नाण्यावर राज्यवर्षही घालायला सुरुवात केली.

तिथून पुढे उतरणच. दुसऱ्या जस्टिनच्या काळात १३-१४ ग्रॅम. ६१० मध्ये हेराक्लिअस गादीवर आला तेव्हा ११ च्या आसपास. ६४१ मध्ये तो गेला तेव्हा ५ च्या घरात. पाठीवरचा 'एम' मात्र तसाच. नाणं चाळीसचं, तांबं निम्म्याहून कमी.

हे का झालं ते हेराक्लिअसच्या पहिल्या दहा वर्षांत दिसतं. ६१३ मध्ये दमास्कस इराणी फौजांच्या हाती गेलं, ६१४ मध्ये जेरुसलेम, ६१९ च्या सुमारास अलेक्झांड्रिया. इजिप्तचं धान्य बंद झालं आणि ६१८ मध्ये राजधानी कॉन्स्टँटिनोपलमध्ये शतकानुशतकं चालत आलेलं फुकट पावाचं वाटपही थांबलं. ६१५ मध्ये हेक्साग्राम नावाचं चांदीचं नाणं निघालं, त्यावर 'देवा, रोमनांना साहाय्य कर' अशा अर्थाचा मजकूर. चर्चमधली सोन्या-चांदीची भांडी वितळवून फौजेचा पगार भागवला गेला. अशा राज्यात तांब्याची काय अवस्था असेल?

राजधानीत जुनी नाणी घेऊन त्यांच्यावर थेट नवा साचा मारत. मोठी असतील तर छिन्नीने तुकडे करून. म्हणून हेराक्लिअसचे फॉलिस असे ओबडधोबड, कोपरे निघालेले, आणि खाली जुन्या राजाचं अर्धं नाव डोकावणारे. सिसिलीत मात्र दुसरीच वाट धरली. तिथे जुन्या फॉलिसला पूर्ण न पुसता त्याच्या कडेला दोन छोटे ठसे मारले : एका बाजूला हेराक्लिअसचा मुकुटधारी चेहरा, दुसऱ्या बाजूला त्याच्या नावाची गुंफलेली अक्षरं आणि खाली 'एस-सी-एल', म्हणजे सिसिलिया.

माझ्याकडच्या नाण्यावर काय दिसतं ते सांगते. मूळ नाणं पहिल्या जस्टिनचं (५१८ ते ५२७). पुढच्या बाजूला उजवीकडे बघणारा राजा. नाक आणि गाल झिजून सपाट झालेत, नावातलं 'जस्टिनस' चाचपडत लागतं. मागे 'एम', वर क्रूस, दोन्ही बाजूंना तारे, पोटाखाली टांकसाळीच्या तिसऱ्या विभागाचं गॅमा, आणि तळाशी कॉन्स्टँटिनोपलचं 'कॉन'. या 'कॉन'वरच सिसिलीचा ठसा बसलाय, शेवटचं अक्षर त्याच्याखाली चिरडलंय. उलट बाजूला राजाच्या छातीशी करंगळीच्या नखाएवढा लंबगोल खड्डा, आणि त्यात हेराक्लिअस : मुकुटावर क्रूस, खुरटी दाढी, टपोरे डोळे. भिंग धरलं तर दाढीचे ठिपके सुटे मोजता येतात. जस्टिनचा चेहरा इतका झिजलेला आणि त्याच्या छातीवरचा हा चेहरा इतका टवटवीत! म्हणजे नाणं ठसा मारण्याआधी पुष्कळ फिरलं आणि नंतर फार फिरलं नाही. हे कुठल्या ग्रंथात वाचावं लागत नाही, धातूच सांगतो.

ठशावर साल नसतं. पण दाढी मदत करते. हेराक्लिअस ६२९ पर्यंतच्या नाण्यांवर आखूड दाढीचा आहे, त्यानंतर छातीपर्यंत रुळणाऱ्या दाढीचा. एकट्या चेहऱ्याचे, आखूड दाढीचे सिसिलियन ठसे ६२० च्या सुमाराचे धरतात. त्यानंतरच्या गटात बाप आणि मुलगा, हेराक्लिअस कॉन्स्टँटाइन, असे दोघं शेजारी शेजारी येतात.

माझं म्हणणं एवढंच आहे : ठसा बघण्याआधी मूळ नाणं बघा. कुणाचं, कुठलं, किती झिजलेलं, किती वजनाचं. ठसा मारणाऱ्याने कुठली नाणी निवडली यात त्याचा हेतू दडलेला असतो.

---

गोदाकाठ

सुंदर धागा, वाचनखूण साठवली.

वाचताना पहिली आठवण जोगळटेंभीची झाली. १९०६ मध्ये नाशिकजवळ सापडलेला तो क्षत्रप राजा नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा. १३,००० हून अधिक नाणी, आणि त्यांतल्या ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपली चिन्हं ठोकलेली. एका बाजूला तीन कमानींचा डोंगर आणि खाली नागमोडी रेघ, दुसरीकडे उज्जैन चिन्ह (क्रूसाच्या चार टोकांना चार गोल). तोच प्रकार म्हणायचा का हा?

---

तांबटआळी

@गोदाकाठ, क्रिया जवळची आहे, हेतू लांबचा. गौतमीपुत्राने शत्रूचं नाणं घेतलं आणि जवळजवळ नाण्याएवढे साचे वापरले. नहपानाच्या चेहऱ्यावरच डोंगर उभा राहिला. तिथे जिंकल्याची घोषणा आहे, आणि ती ज्याच्या हातात नाणं पडेल त्याला कळावी अशीच आहे. हेराक्लिअस आपल्याच गादीवरच्या जुन्या राजांची नाणी घेतोय. जस्टिनला पुसायचं त्याला काही कारण नव्हतं. ठसा लहान आहे, कडेला आहे, जुना 'एम' शाबूत ठेवलाय. त्या 'एम'ची त्याला गरज होती.

---

कुहू

मला नाण्यांतलं काही कळत नाही, पण धागा एका दमात वाचला. एक बाळबोध प्रश्न : जुनी जड नाणी हातात होती, नवी हलकी काढायची होती, तर वितळवून एकाची दोन का नाही केली? नुसता शिक्का मारून सरकारला काय मिळालं?

---

तांबटआळी

@कुहू, प्रश्न अजिबात बाळबोध नाही, याच्यावरच सगळं अडलंय.

वितळवायचं तर भट्टी, जळण, चकत्या ओतणारे, साचे कोरणारे, आणि हे सगळं फॉलिसच्या आकाराचं हवं. सिसिलीत टांकसाळ होती, कातानियाला. मॉरिसच्या काळापासून (५८२ ते ६०२) ती चालू होती. पण ती १० आणि ५ नुम्मींची बारकी नाणी काढायची. मोठ्या फॉलिसची तिथे सवय नव्हती. काउंटरमार्कला लागतात दोन छोटे पंच, ऐरण आणि हातोडा. साचा लहान म्हणून कोरायला वेळ कमी आणि घावही हलका पुरतो.

सरकारला काय मिळालं, यावर दोन मतं आहेत. एक, की नाण्याची किंमत वाढवून दिली. दुसरं, की जुनं, झिजलेलं, लोक घ्यायला कुरकुरणारं नाणं 'हे चालेल' म्हणून पुन्हा बाजारात सोडलं. माझा कल दुसऱ्याकडे.

---

बर्मिंगहॅमकर

तांबटआळी ताई, इथे थोडं भांडतो.

मी राहतो त्या शहरात विद्यापीठाच्या बार्बर इन्स्टिट्यूटमध्ये बायझंटाइन नाण्यांचा फार मोठा संग्रह आहे. तिथल्या एका प्रदर्शनापासून मला याची गोडी लागली. माझा मुद्दा वजनाचा. ६२० च्या आसपास नवा फॉलिस ८-९ ग्रॅमचा होता असं धरू. पहिल्या जस्टिनचा फॉलिस झिजून १६ ग्रॅमचा. दोघांवर 'एम'. कुठला शहाणा माणूस १६ ग्रॅमचं नाणं ४० नुम्मींना देईल? तो ते मडक्यात पुरून ठेवेल किंवा तांबटाला विकेल. ते बाहेर काढायचं असेल तर त्याची किंमत दुप्पट केली पाहिजे. ठसा म्हणजे तेच : हे नाणं आता ८० चं. आणि पहिल्या गटात अनास्तासिअस, पहिला जस्टिन, सुरुवातीचा जस्टिनिअन अशीच जड नाणी जास्त का सापडतात, याचंही उत्तर त्यात मिळतं.

---

दामाजी

दोघांच्या मध्ये एक पुरावा ठेवतो.

इटली आणि उत्तर आफ्रिकेच्या बाजूला पहिल्या शतकातली मोठी रोमन नाणी मिळतात, बरीचशी व्हेस्पेशिअन आणि त्याच्या घराण्याची. त्यांच्यावर कुणीतरी छिन्नीने रोमन आकडे खणलेत : मोठ्या सेस्टर्टिअसवर ८३, लहान अ‍ॅसवर ४२. हे काम पाचव्या शतकाच्या शेवटी किंवा सहाव्याच्या सुरुवातीला झालं असं मानतात, आणि उत्तर आफ्रिकेतल्या व्हँडल राज्याच्या तांब्याच्या नाण्यांवरही ४२ चा आकडा येतो. म्हणजे ४०० वर्षं जुनं नाणं नव्या हिशेबात बसवायचं होतं, तर त्यांनी सरळ किंमतच कोरली. समोरच्याला विचारायची गरज नाही.

---

तांबटआळी

दामाजी, अगदी हेच म्हणायचं होतं मला. या भागातल्या लोकांना नाण्यावर नवी किंमत कशी लिहायची ते माहीत होतं. फॉलिसची तर सगळी पद्धतच किंमत ठळक अक्षरात लिहिण्यावर उभी. 'एम' ठेवायचा, त्यावर राजाचा चेहरा आणि प्रांताचं नाव घालायचं, आणि लोकांनी तो ८० समजायचा?

बर्मिंगहॅमकर, वजनाचा तुमचा मुद्दा पहिल्या गटाला चपखल बसतो, ते मान्य. पण दुसरा गट बघा, बाप-लेकांचा. तिथे मूळ नाणी म्हणून खुद्द हेराक्लिअसचीच हलकी नाणीही भेटतात. दहा-वीस वर्षांपूर्वी त्यानेच काढलेलं नाणं, तेही तसं हलकंच, त्याची किंमत दुप्पट करून काय साधलं? तिथे प्रांताचं नाव हाच मुद्दा वाटतो : हे नाणं सिसिलीत, सिसिलीच्या अधिकाऱ्याच्या जबाबदारीवर चालेल.

आणखी एक गोष्ट मला फार दिवस छळतेय. ५३५ मध्ये जस्टिनिअनचा सेनापती बेलिसारिअस याने सिसिली घेतली. त्याआधी बेटावर ऑस्ट्रोगॉथांचं राज्य होतं. म्हणजे अनास्तासिअस आणि पहिल्या जस्टिनचे कॉन्स्टँटिनोपलला छापलेले फॉलिस निघाले तेव्हा सिसिली त्या राज्यात नव्हतीच. मग ६२० मध्ये ही जुनीपानी नाणी तिथे इतक्या संख्येने आली कुठून? सैन्याबरोबर, व्यापाऱ्यांबरोबर हळूहळू झिरपली असतील. किंवा पूर्वेकडे परत घेतलेल्या जुन्या नाण्यांच्या गोण्या जहाजात भरून बेटावर पाठवल्या आणि उतरवल्यावर शिक्का मारला. दुसरं खरं असेल तर ठसा म्हणजे आयात केलेल्या चलनाला दिलेली प्रवेशपरवानगी ठरते. मला हे जास्त जुळतं. १०० वर्षं एका बेटावर फिरलेल्या नाण्यांत सगळ्या राजांची सरमिसळ असायला हवी. निवडून काढल्यासारखी एकाच वजनगटातली नाणी दिसतात, तेव्हा कुठेतरी आधीच चाळण लागलेली असणार.

---

बर्मिंगहॅमकर

गॉथांचा मुद्दा माझ्या लक्षातच आला नव्हता. यावर विचार करावा लागेल. तरी जड नाण्यांची चाळण लागली असेल तर ती किंमतीसाठीच लागली असणार, एवढं माझं टुमणं चालू ठेवतो. किंमत आकड्यात न लिहिता हुकूमनाम्याने जाहीर करता येते. सोन्याच्या सॉलिडसला २१० फॉलिस मिळत ते जस्टिनिअनच्या काळात १८० केले, असं त्या काळचा इतिहासकार प्रोकोपिअस लिहितो. तेव्हा नाण्यावर कुठे काय लिहिलं होतं?

---

तांबटआळी

हा चांगला टोला आहे. हुकूमनाम्याची शक्यता मी नाकारत नाही.

---

निशिगंध

हा प्रकार फक्त सिसिलीतच झाला का? शीर्षकात 'बायझंटाइन काउंटरमार्क' आहे म्हणून विचारते.

---

तांबटआळी

@निशिगंध, नाही, पण प्रत्येक ठिकाणची गोष्ट निराळी आहे.

पॅलेस्टाइनच्या किनाऱ्यावर, मुख्यतः सीझरिआ शहराच्या आसपास, हेराक्लिअसच्या नावाची गुंफलेली अक्षरं गोल ठशात मारलेले फॉलिस मिळतात. चेहरा नाही, प्रांताचं नाव नाही, एकाच बाजूला ठसा. मूळ नाणी सरमिसळ : दुसरा जस्टिन, मॉरिस, फोकास, हेराक्लिअस, जे हाताला लागेल ते. हे ठसे ६३० च्या दशकातले मानतात, म्हणजे अरब फौजा पॅलेस्टाइनमध्ये उतरल्यानंतरचे. ६३६ मध्ये यार्मूकला बायझंटाइन सैन्याचा धुव्वा उडाला. सीझरिआ समुद्रमार्गे रसद मिळत असल्याने त्यानंतरही टिकून राहिलं आणि ६४०-४१ मध्ये पडलं. नवी नाणी येण्याचा भरवसा नाही, शिबंदीला तर पगार द्यायचाय. अशा वेळी वजनाची चाळण कोण लावतो? सिसिलीत निवड दिसते, इथे निवडच दिसत नाही, आणि तोच फरक मला बोलका वाटतो.

सायप्रसमध्ये हेराक्लिअसने ६२६ ते ६२९ मध्ये स्वतंत्र फॉलिसही काढले, तीन उभ्या आकृतींचे. पुढे ६४९ पासून अरब आरमाराचे हल्ले सुरू झाले. चौथ्या कॉन्स्टँटाइनच्या (६६८ ते ६८५) नावाचे ठसे त्याच्या बापाच्या, म्हणजे दुसऱ्या कॉन्स्टन्सच्या, इवल्याशा फॉलिसांवर मारलेले तिथे मिळतात.

---

सह्यवाट

व्यावहारिक प्रश्न विचारतो. अशी नाणी घेताना खरं-खोटं कसं ओळखायचं? आणि घरी आणल्यावर साफ कशाने करायची? आमच्याकडे आजी तांब्याला चिंच लावायची.

---

तांबटआळी

चिंच, लिंबू, राख, ब्रश, यातलं काहीही नको, हात जोडून सांगते. आम्लाने हिरवट-तपकिरी थर निघून जातो आणि त्याच्याबरोबर ठशातला तपशीलही. डिस्टिल्ड पाण्यात भिजत ठेवा, दर काही दिवसांनी पाणी बदला, मऊ झालेली माती बांबूच्या काडीने काढा. फिकट हिरवी भुकटी सुटत असेल तर ते नाणं इतर नाण्यांपासून ताबडतोब वेगळं करा आणि कोरड्या डबीत ठेवा. तो क्लोराइडचा रोग आहे, ओलाव्यात पसरतो. पुण्या-मुंबईच्या पावसाळ्यात तर फारच.

खऱ्या-खोट्याचं म्हणाल तर तीन ठिकाणी भिंग न्या. ठशाच्या खड्ड्यात बाहेरच्यासारखाच थर जमलेला हवा. बाहेर जुना हिरवा आणि खड्ड्यात चकचकीत किंवा रंगवल्यासारखा एकसारखा काळा असेल तर थांबा. दुसरं, घाव बसतो तिथे पाठीमागचा भाग थोडा तरी दबतो, सपाट होतो. ठसा खोल आणि पाठ जशीच्या तशी, हे होत नाही. अशा वेळी नाणं ओतलेलं असतं आणि ठसाही साच्यातूनच आलेला असतो. तिसरं म्हणजे कड. ओतीव नाण्याच्या कडेला जोडरेघ घासून काढल्याच्या खुणा राहतात.

आपल्याकडे जुनं नाणं सापडलं किंवा विकायचं असेल तर कायदाही लक्षात ठेवा. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे १०० वर्षांहून जुनं नाणं ही पुरावस्तू, परवान्याशिवाय देशाबाहेर पाठवता येत नाही. परदेशी नातेवाइकाला भेट म्हणून पाठवतानाही हे लागू होतं.

---

मस्कती_मराठी

बऱ्याच दिवसांनी लॉग-इन केलं ते या धाग्यासाठी. वडील आखातात नोकरीला होते तेव्हा त्यांना एका सीरियन सहकाऱ्याने एक तांब्याचं नाणं दिलं होतं. आमच्या घरात ते 'येशूचं नाणं' म्हणून ओळखलं जातं. नीट बघितलं तर : एक उभा माणूस, एका हातात लांब क्रूस, दुसऱ्या हातात गोळा, त्यावरही छोटा क्रूस. मागे 'एम'. आणि 'एम'च्या उजव्या पायावर एक चौकोनी खड्डा, त्यात अरबी अक्षरं. क्रूस आणि अरबी एकाच नाण्यावर कसं काय? दागिन्यांच्या काट्यावर वजन ४ ग्रॅमच्या जरा वर भरलं.

---

तांबटआळी

मस्कती_मराठी, वाचूनच उठून बसले!

उभा माणूस येशू नाही, दुसरा कॉन्स्टन्स असणार (६४१ ते ६६८). हेराक्लिअसचा नातू. त्याच्या फॉलिसवर तो असाच उभा असतो, आणि भोवती ग्रीकमध्ये 'या चिन्हाने विजयी हो' असा मजकूर असतो. हा प्रकार त्याच्या पहिल्या वर्षांतला, आणि ४ ग्रॅम वजन त्याला अगदी साजेसं आहे.

अरबी ठशाचं नवल वाटणं साहजिक आहे, पण त्या काळी त्यात कुणाला विसंगती दिसत नव्हती. सीरिया अरबांच्या हाती गेली तरी बाजारात तांबं बायझंटाइनच होतं. कॉन्स्टन्सचे फॉलिस येत राहिले, कमी पडले तेव्हा स्थानिकांनी तसेच घडवले, कधी चांगले, कधी अगदीच कच्चे. मग कुठलं घ्यायचं? त्यासाठी ठसे मारले गेले : 'तय्यिब' म्हणजे चांगलं, किंवा 'लिल्लाह' म्हणजे अल्लाहसाठी. होम्स शहराच्या नाण्यांवर तर साच्यातच एका बाजूला ग्रीक 'कालोन' आणि दुसऱ्या बाजूला अरबी 'तय्यिब' असतं, दोन्हींचा अर्थ एकच. क्रूसवाला राजा त्या नाण्यांवर तसाच असतो. ६९० च्या दशकात खलिफा अब्द अल-मलिकने चलन बदललं आणि नाण्यांवर फक्त अक्षरं राहिली, तोवर हे असंच चाललं.

बर्मिंगहॅमकर, 'चालेल' असं सांगणारा ठसा कसा असतो, त्याचा हा पुरावा बघा. सिसिलीपासून फार लांबचा, म्हणून फार ताणत नाही.

---

बर्मिंगहॅमकर

बघितला. इथे मी हरकत घेत नाही. :)

---

मस्कती_मराठी

बापरे. आईला आत्ताच सांगितलं, ती ते देवघरातून काढायला तयार नाही. फोटो टाकतो उद्या उजेडात. काय काय दाखवू?

---

तांबटआळी

देवघरातच राहू दे, फक्त त्याला कुंकू, तेल, पाणी लागू देऊ नका.

फोटो चार हवेत. दोन्ही बाजू, पांढऱ्या कागदावर, खिडकीतला तिरपा उजेड डावीकडून. तिसरा फक्त ठशाचा, जितका जवळून येईल तितका. ठशात दोन उभे दांडे आणि शेवटी गाठ दिसली तर 'लिल्लाह'कडे झुकेन. खाली ठिपके असतील आणि मधे लांब दांडा नसेल तर 'तय्यिब'ही शक्य आहे, पण ठिपके त्या काळच्या लेखनात बऱ्याचदा गाळलेले असतात, त्यांच्यावर विसंबू नका. चौथा फोटो पुढच्या बाजूचा, पण ठसा जिथे आहे त्याच्या बरोबर पाठीमागचा भाग. तिथे कॉन्स्टन्सचे पाय किंवा झग्याची कड दबलेली असेल. आणि वजन शक्यतो दोन दशांश स्थळांपर्यंत.